मनोऱ्यांमधले सहा सेंटिमीटर

काळेथरच्या खाडीवरचा पूल पुरा होत आला, तोवर गावात साधी फळी ठोकायलाही कुणी दोरीचा ओळंबा लावेनासं झालं होतं. नाण्याएवढा अणू-ओळंबा भिंतीला चिकटवला की तिच्यावर उभी हिरवी रेघ उमटायची. आत गारठवलेले काही लाख अणू क्षणोक्षणी खाली पडत. ते किती वेगानं आणि नेमके कुठल्या दिशेनं पडले, हे लेझर मोजून सांगे.

भार्गवकाका मात्र रेघ उमटल्यावरही खिशातली सुतळी सोडून खात्री करून घेत. पुलाचे दोन्ही मनोरे त्यांच्या मुकादमीखाली उभे राहिले होते. दोनशे चाळीस मीटर उंची, पण कुठे केसभरही कललेले नाहीत.

आणि याच काकांचं ठाम मत होतं की पृथ्वी सपाट आहे.

"पन्नास वर्षं ओळंबे सोडतोय," ते म्हणत. "गोल असती तर दोन भिंतींचे ओळंबे वर फाकले असते."

"फाकतातच," त्यांचे थोरले भाऊ अण्णा म्हणायचे. ते भूमापक. "तुझ्या भिंती जवळजवळ, म्हणून कळत नाही."

या वादात आजोबांचा पितळी ओळंबा अडकून पडला होता. ज्याचं खरं ठरेल त्यानं तो न्यायचा. तोवर अकरा वर्षं तो आत्याच्या कपाटात. मनोरे झाले की वरचं अंतर मोजून निकाल लावायचा, असं भावांनी ठरवलं. मनोरे झाले. पण अण्णा माघातच गेले.

म्हणून मार्गशीर्षातल्या या स्वच्छ सकाळी त्यांची मुलगी हेमांगी मोजायला आली होती. तीही भूमापकच. पितळी ओळंबा रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत होता. "हरलीस तर तिथेच देऊन ये," आत्यानं बजावलं होतं. "माझ्या कपाटात परत नको." तो द्यावा लागू नये असं हेमांगीला फार वाटत होतं. लहानपणी अण्णांनी तो तिच्या हातात दिला होता आणि हात स्थिर होईपर्यंत काही न बोलता थांबले होते.

पायथ्याशी दोन मनोऱ्यांत बरोबर सोळाशे मीटर भरले. काका-पुतणी लिफ्टमध्ये चढली.

"ओढबीड काही नसते," काका म्हणाले. "जमीनच वर वर सरकतेय, म्हणून वस्तू पडल्यासारखी वाटते."

"मग वजन खाली-वर सारखंच भरायला हवं." माथ्यावर पोचताच हेमांगीनं अणू-ओळंबा त्यांच्यापुढे धरला. "पायथ्यापेक्षा लाखात साडेसात भाग कमी. तुम्ही पंचाहत्तर किलोचे, म्हणजे साडेपाच ग्रॅमनी हलके झालात."

"एका सुपारीनं!" काकांनी पोटावर हात फिरवला. "तुझ्या काकूला सांगायला हवं. बरं, जमीन राहू दे. जड वस्तू जड असते म्हणून पडते."

"पण खालीच का? बाजूला का नाही पडत?"

"सवय असते."

हसू दाबत तिनं लेझर पलीकडच्या मनोऱ्यावर रोखला. आकडा उमटला. सोळाशे मीटर, सहा सेंटिमीटर.

"यंत्र बिघडलंय."

तिनं पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः बटण दाबलं. तेच सहा.

"मग मनोरेच बाहेर कलले असतील," हेमांगी शांतपणे म्हणाली.

"कोण म्हणतं?" काका ताडकन वळले. "टप्प्याटप्प्याला मी स्वतः सुतळी सोडलीय!"

"मग सहा सेंटिमीटर आले कुठून, काका?"

काकांनी पलीकडच्या मनोऱ्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या काँक्रीटकडे.

"असेल गोल तुझी पृथ्वी!" ते ओरडले. "माझा मनोरा सरळ आहे!"

आणि आधी तेच हसले. हेमांगी कठड्याला धरून हसत राहिली. माघापासून ती अशी हसली नव्हती.

मग तिनं पिशवीतून पितळी ओळंबा काढला. "एकदा तुमच्या हातानं सोडा."

वारा पडला होता. काकांनी ओळंबा कठड्याबाहेर सोडला. झोके थांबले.

"वर फाकतात," ते हळूच म्हणाले, "म्हणजे खाली जवळ येत असणार."

"हो. जगात कुठेही सोडा, पृथ्वीच्या पोटात जवळजवळ एकाच जागी भेटतात. इथून सहा हजार तीनशे सत्तर किलोमीटर."

"भेटतात म्हणतेस." सुतळी त्यांच्या बोटांत ताठ होती. "आणि मी अकरा वर्षं दादाला सांगत होतो, दोन ओळंबे कधी भेटत नाहीत."

ते कठड्यावरून वाकले आणि सुतळीच्या रोखानं, खाडीतल्या होड्याही दचकतील अशा आवाजात ओरडले, "दादाऽऽ! हरलो रे!"

खालून हाक परत आली. काकांनी ओळंबा पुसून हेमांगीच्या तळहातावर ठेवला.

"काय गो, पोचलं असेल?"