योगराजच्या रक्ताचा हट्ट

दुपारी बाराला नूतन कुडव्याहून स्कूटीवर गोंदियाच्या लॅबमध्ये आली, तोंडावरचा रुमाल सोडला आणि कामाला लागली. काम नेहमीचंच. किडनी देणाऱ्याच्या पेशी घ्यायच्या, घेणाऱ्याच्या सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पाण्याचा, थेंब त्यावर सोडायचा आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचं. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. हिरव्या राहिल्या तर जुळलं, लाल झाल्या तर गाशा गुंडाळा!

आजचा पेशंट सडक अर्जुनीकडचा योगराज. डायलिसिसची सुई टोचायला त्याच्या हातात धड शीर उरली नव्हती. महिनाभरात किडनी मिळाली नाही तर खेळ खलास. देणारी त्याची बायको, दुर्गा.

नूतननं दार लावलं, दिवा मालवला. दुर्गाच्या पेशी लालभडक. होतं असं, म्हणून तिनं प्लेट सरकवली. प्लेटवरच्या शेजारच्या घरात, म्हणजे खळग्यात, दुर्गाच्याच पेशी होत्या, दुर्गाच्याच सीरममध्ये. तिथं योगराजचा थेंबही नव्हता, त्या मरायचं काही कारणच नव्हतं. पण तिच्या डोळ्यांदेखत त्या कडेकडून विझत गेल्या... एक, मग दुसरी, मग सगळ्या. आणि बंद खोलीत वास आला, ओल्या हळदीकुंकवाचा. सवाष्ण बाईला शेवटची आंघोळ घालतात तेव्हा येतो ना, तो. नूतननं चाचपडत दिव्याचं बटण दाबलं.

ती बाहेर आली. बाकावर दुर्गा आणि तिची सासू सुमित्राबाई.

"योगराजभाऊंना आधी कधी रक्त चढवलं होतं? फॉर्मवर तर 'नाही' लिहिलंय."

"नाई ना मॅडम," सासूच बोलली. "कायले चढवन?"

"चढवलं होतं," दुर्गा हळूच म्हणाली. "त्यायच्या पयल्या बायकोचं. चंचलचं. दोन जिवाची होती ते... नाई म्हणत होती. या सासूबाईनंच जबरीनं रक्त द्याले बसवलं. चवथ्या दिवशी गेली."

"तोंड सांभाळ दुर्गे!" सासू खेकसली.

दुसऱ्याचं रक्त एकदा अंगात गेलं की अंग ते विसरत नाही, पुढच्यावर धावून जातं. म्हणून तर फॉर्मवर विचारतात. पण त्यानं दुर्गाच्या पेशी तिच्याच सीरममध्ये मरत नाहीत.

"मावशी, तुमचं रक्त बघू."

"माह्यं कायले? मी म्हातारी..."

"लेक तुमचाच मरून राहिला ना!" दुर्गा कडाडली. म्हातारीनं दात-ओठ खात हात पुढं केला.

साडेचारला नूतननं पुन्हा डोळा लावला. हिरव्या. सगळ्या घरांत हिरव्यागार, औषधालासुद्धा लाल नाही. इतकं चोख जुळलेलं तिनं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. जगातलं दुसरं कुणी त्या रक्ताला नको होतं, ही म्हातारीच पाहिजे होती.

ती बाहेर आली. तोंड उघडणार, तोच सुमित्राबाईचा फोन वाजला. डायलिसिसच्या खाटेवरून योगराज. म्हातारीला कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर चालू.

"माय... तुयं जुळलं ना?"

"तुले कोणं सांगतलं?"

"चंचल पायथ्याशी बसून राहिली. तवाची हासून राहिली." योगराजचा आवाज अगदी शांत होता. "एका किडनीनं नाई भागत म्हणते, माय... दोनी पायजेत. म्हणते, आमी दोघं गेलो होतो."