घरट्यातला दगड

राजशेखर अभिषेकपात्र घेऊन देवणीच्या तांबटाकडं गेला तेव्हा काम साधंच होतं. पिंडीवर थेंब सोडणारं भोक बुजलं होतं, ते मोकळं करून आणायचं. तांबटानं भांडं उलटं करून ठोकलं, तसा बोटभर बर्फाचा तुकडा त्याच्या तळहातावर पडला. मे महिन्याची दुपार. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. त्यानं भांडं परत दिलं आणि धोतराला हात पुसत राहिला.

हे कुठून आलं ते राजशेखरला माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ मडिवाळप्पा, म्हणजे अण्णा, अंटार्क्टिकाच्या संशोधन तळावर वर्षभर जनरेटर सांभाळून परतला होता. ती जमीन कुणाच्याच मालकीची नाही. देशादेशांनी करार केलाय, तिथला खडासुद्धा न्यायचा नाही. अण्णानं नेला. पेंग्विनच्या घरट्यातला, पिंडीसारखा गोल, खास अप्पांसाठी. हे पक्षी खडे रचून घरटं करतात, म्हणजे अंडं वितळत्या बर्फाच्या पाण्यात जात नाही. एकमेकांचे खडे चोरतात, खड्यासाठी रक्त काढतात. अण्णा पुन्हा त्या घरट्याकडं गेला तर अंडं पाण्यात होतं... आणि पक्षी त्याच्यावर तसाच बसलेला.

अप्पांना, म्हणजे बाप संगप्पाला, यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी दगड देवघरात बसवला, वर पात्र टांगलं, जगाच्या टोकावरचा महादेव म्हणून गावभर मिरवला. लिंगायत समाजातली म्हातारी टाळकी दर्शन घेऊन माना डोलवून गेली. मग घरात सडक्या मासळीचा वास सुटला. पिढ्यान्‌पिढ्या अंडं न शिवलेलं घर. आळ आला राजशेखरवर, कारण तो विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून आलेला. बाहेरचं खाऊन येतोस, अप्पा म्हणाले. अक्कल संपली की म्हाताऱ्यांना असा एक आरोपी घरातच लागतो.

इकडं अण्णाचं अंग रोज गार पडत होतं. आधी तळवे, मग गुडघे. लातूरच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. अण्णा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला बसायचा आणि एवढंच म्हणायचा, पुढच्या मोहिमेबरोबर दगड परत पाठवा.

देवणीहून घरी येताच पात्र खाली ठेवून राजशेखरनं सरळ दगडाला हात घातला. अप्पा दारात उभे होते.

"बसवलेलं लिंग उठवत नसतात."

"अण्णा मरायलाय, अप्पा."

"आणि उद्या लोक विचारतील, महादेव कुठं गेला... काय सांगू?"

राजशेखरनं दगड सोडला. इंजिनिअरिंग सोडलं होतं, तसाच.

संध्याकाळी अण्णा बसल्या जागी गेला. लिंगायताला बसवूनच पुरतात. त्याला वाकवावं लागलं नाही. तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून शेतात समाधी दिली.

सकाळी देवघरात दगड नव्हता. अप्पांनी राजशेखरच्या कानाखाली वाजवली, मग स्वतःच्या छातीशी हात नेला आणि थिजले. गळ्यातली चांदीची डबी बंद होती. कळतं वय झाल्यापासून अंगावेगळं न केलेलं त्यांचं इष्टलिंग आत नव्हतं. गल्लीत दर्शनाला माना डोलवून गेलेले म्हातारे एकेक करून छाती चाचपत बाहेर येत होते.

राजशेखर शेताकडं धावला. समाधीच्या मातीवर मधोमध तो दगड होता, आणि भोवती गावाची काळी, गुळगुळीत लिंगं कड्यासारखी रचलेली. कडं पुरं झालं नव्हतं. एका खड्याची जागा मोकळी होती. त्यानं हात पुढं केला. मातीखालून, घशात खोल दाबलेली गुरगुर आली... चोराला बघून करावी तशी. त्यानं हात मागं घेतला.

घरी अव्वा, त्याची आई, उंबऱ्यावर बसली होती. कालपासून ती रडली नव्हती. गळ्यातली डबी तिनं मुठीत धरली होती.

"राजा... ही हलकी कशानं लागायलीय रे?"

दारात ऊन मी म्हणत होतं. अव्वाच्या तळव्यांखालची फरशी गार आणि ओली होती.