अडुसष्ट अंश

कपाटात पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी वही होती. चौथी नव्हती.

सकाळी नऊला फोन आला आणि वकीलबाई हातातला चहा तसाच टाकून निघाल्या. विद्यापीठानं बाहेरच्या कंपन्यांशी केलेले संशोधनाचे करार सांभाळणं हे त्यांचं काम. कोर्टाची पायरी त्या आयुष्यात चढल्या नव्हत्या, पण कलमं तोंडपाठ असायची म्हणून नाव पडलं ते पडलंच.

प्रयोगशाळेत संशोधिका स्टुलावर बसली होती. तिशीची पोर, पण चेहरा पार उतरलेला. भाजलेल्या जखमेवर लावायचा एक पातळ पापुद्रा तिनं शोधून काढला होता. बदलताना तो कातडी ओढत नाही, रोगी ओरडत नाही. एका औषध कंपनीबरोबर दोन वर्षं हे काम चाललं होतं आणि पेटंटचा अर्ज आज पाचच्या आत जायचा होता. अर्जावर संशोधक म्हणून कुणाचं नाव, हे चौथी वही सांगणार होती.

"किल्ली कुणाकुणाकडे?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे. आणि मामांकडे." ती चपापली. "म्हणजे सरांकडे."

विभागप्रमुख तिचे सख्खे मामा. वडील गेल्यापासून ती आणि तिची आई त्यांच्याच घरात राहत होत्या.

"मामांवर संशय?"

"छे, काहीतरीच काय. त्यांनीच तर मला वाढवलं."

वकीलबाईंनी टेबलावरून नजर फिरवली. तापमापीला चिकटपट्टी लावून कुणीतरी लिहिलं होतं, 'तीन जास्त'.

"हे काय, नाना?"

नाना म्हणजे प्रयोगशाळेचे जुने सहायक. "खोटं बोलतो तो, बाई. पासष्ट असताना अडुसष्ट दाखवतो. करार झाल्यावर कंपनीकडूनच आला. दोन वर्षं कुणालाच पत्ता नाही. मागच्या महिन्यात नवा आणला तेव्हा चोरी पकडली."

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"ताईंना. कंपनीच्या साहेबांना, ते दर शुक्रवारी वहीच्या पानांवर साक्षीची सही करायला येतात ना. मोठे साहेब, म्हणजे ताईंचे मामा, वर्षभर इकडे फिरकलेच नाहीत, त्यांना कुठून सांगणार?"

अकरा वाजता सगळे प्रमुखांच्या खोलीत जमले. दर शुक्रवारी सही करणारा कंपनीचा रसायनतज्ज्ञ घाम पुसत बसला होता. मामांनी खणातून एक तपकिरी वही काढली आणि जड आवाजात सुरुवात केली.

"घरचीच मुलगी, म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसलो. ही माझी तीन वर्षांपूर्वीची वही. कराराच्या वर्षभर आधीची. सगळी कृती यात आहे. हिनं ती चोरून वाचली, चौथ्या वहीत आपली म्हणून उतरवली आणि आज उघडं पडणार म्हणून ती वहीच नाहीशी केली."

संशोधिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "मामा, ही वही मी आजच बघतेय."

"बघा, अजून खोटं बोलतेय. हिच्या बापाचंही असंच होतं."

खोलीत कुणी मान वर केली नाही.

करारातलं कलम सरळ होतं. करारानंतर जे सुचलं ते विद्यापीठाचं आणि कंपनीचं, आणि ज्याला सुचलं त्याचं नाव अर्जावर. करारापूर्वी ज्याला जे सुचलं ते त्याचं एकट्याचं. तपकिरी वही खरी ठरली तर पापुद्रा मामांचा, आणि भाची चोर. मग कुठली प्रयोगशाळा तिला दारात उभं करणार?

वकीलबाईंनी वही उघडली. "सर, मिश्रण किती अंशांवर?"

"अडुसष्ट. लिहिलंय की."

"आणि पापुद्रा जमला?"

"अखंड. तेही लिहिलंय."

"चौथ्या वहीत किती होतं?"

"अडुसष्टच," संशोधिका खालच्या आवाजात म्हणाली. रसायनतज्ज्ञानं मान डोलावली.

"झालं," मामा म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कबूल झाली."

"नाना," वकीलबाई म्हणाल्या, "नवा तापमापी लावा आणि अडुसष्टवर मिश्रण करून आणा."

अर्ध्या तासानं नानांनी काचेचं भांडं टेबलावर ठेवलं. आत नासक्या दुधासारख्या गाठी होत्या.

"खऱ्या अडुसष्टवर पापुद्रा जमत नाही, सर. पासष्टवर जमतो. अडुसष्ट हा आकडा या जगात एकाच तापमापीनं दाखवला, आणि तो इथे आला करार झाल्यावर. तुमच्या जुन्या वहीत तो आधीच कसा पोचला?"

मामा पाणी प्यायले.

"खोटी वही करणाऱ्यानं चौथी वही वाचली होती, पण तापमापीची खोड त्याला ठाऊक नव्हती. हिला ठाऊक होती, नानांना होती, या साहेबांनाही होती. त्यांतल्या कुणीही पासष्टच लिहिलं असतं. दुरुस्ती पाचव्या वहीत आहे. ती उघडायची तसदी तुम्ही घेतली नाहीत. किल्ली तुमच्याकडे, कामाच्या वेळी प्रयोगशाळेत वर्षभर पाऊल नाही, आणि अक्षर तर तुमचंच. सख्ख्या भाचीचा केसानं गळा कापलात. चौथी वही कुठे आहे?"

मामा भाचीकडे वळले, आणि त्यांचा आवाज अगदी घरच्यासारखा झाला.

"रविवारी बागेतला पाला जाळला ना, त्यात गेली. तुझ्या आईनंच टाकली. रद्दी म्हणून दिली मी. तिला वाचता कुठे येतं?"

संशोधिकेनं तोंडावर हात धरला.

"आणि तुझं म्हणून काय आहे गं? शाळेत घातलं मी, शिकवलं मी. तुझ्या डोक्यात आहे ते सगळं करारापूर्वीचं आहे, आणि माझं आहे. अर्जावर सही करायच्या आधी आईला विचार, आज कुठे जेवणार ते."

वकीलबाईंनी आजवर पुष्कळ भांडणं पाहिली होती. असलं बोलणं मात्र त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. रसायनतज्ज्ञ हळूच म्हणाला, "चौथीतल्या प्रत्येक पानावर मी सही केली होती. काम हिचंच आहे, तसं लिहून देतो."

त्यानं लिहून दिलं. मामा उठून निघून गेले. जाताना त्यांनी खोलीचं दार मात्र नीट लावून घेतलं.

अर्जाचे कागद नव्यानं तयार होईपर्यंत पाचला वीस मिनिटं उरली. वकीलबाईंनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. संशोधिकेनं सावकाश, एकेक अक्षर नीट काढत स्वतःचं नाव लिहिलं. खालच्या रकान्याशी पेन थांबलं.

"काय झालं?"

"पत्ता विचारलाय, बाई," ती म्हणाली. "कुठला लिहू?"