डाळिंबी लडींचा घोळ

मालकीणबाईंनी रेशमी कापडाचा तागा टेबलावर आपटला आणि जावयाच्या बशीतला चहा सांडला. सासूबाईंनी चहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर ताग्यावर होती.

या काही साध्यासुध्या सासूबाई नव्हेत. खोट्या सह्या, गायब दागिने, पळालेले नवरे, सगळं शोधून देणं हा त्यांचा धंदा. जावई त्यांची गाडी चालवायचा. "आईबरोबर हिंड, चार गोष्टी शिकशील," असं बायकोनं बजावलं होतं. वर्ष उलटलं तरी गडी पहिल्याच गोष्टीवर अडकलेला.

"माझ्या विणकामशाळेचा एकच शब्द आहे, ताई," मालकीणबाई म्हणाल्या. "पतंग कोश फोडून उडाला की मगच त्या कोशाचं सूत कातायचं. एकही किडा उकळून मारायचा नाही. तसा शिक्का असतो माझ्या कापडावर. आणि खरेदीदारानं हा तागा परत पाठवला!"

सासूबाईंनी ताग्याच्या कडेचा एक धागा उपसला, पीळ उलगडला आणि ओढला. धागा अलगद सुटला. दुसरा धागा तसाच ओढला, तर तो काही केल्या सुटेना.

"पहिला कातलेला. पतंगानं कोश फोडला की तंतू तुटतात, म्हणून सुटतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा तंतू अखंड आहे. म्हणजे किड्यासकट कोश उकळला."

"उद्या शिक्का देणारी संस्था येतेय. दगा कुणी दिला ते मला सांगावं लागेल. दीर म्हणतात, डोंगरावरच्या कातणाऱ्या बायकांचंच काम आहे, आजच त्यांचं सूत बंद करा. पण त्या वस्तीला दुसरा रोजगार नाही हो!" मालकीणबाईंचे डोळे भरून आले. "चुकीचं नाव घेतलं तर त्यांचा तळतळाट मलाच लागेल."

तासाभरात गाडी विणकामशाळेच्या दारात होती. पायरीवर एक दणकट बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. कातणाऱ्यांची म्होरकी. सगळे तिला थोरली म्हणत.

"आत का नाही गेलात?" सासूबाईंनी विचारलं.

"भाऊजींनी अडवलं. चोरांना आत घेत नाही म्हणाले." थोरली जमिनीकडे बघतच बोलली. "आम्ही पांढरं सूत आणतो. ते उलगडून बघतात, मग ठेवून घेतात. पतंग कधी उडतोय म्हणून डोळे लावून बसतो आम्ही. फसवायचंच असतं तर एवढी वाट कशाला पाहिली असती?"

'नजर मिळवत नाही ही,' जावयानं मनात टिपलं.

सुताची कोठी भाऊजींच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या दिरांच्या, ताब्यात होती. किल्ल्या त्यांच्या कमरेला. उन्हानं रंग उडू नये म्हणून कोठीला खिडकीच ठेवली नव्हती. डोक्यावर एक ट्यूबलाइट तेवढी गुणगुणत होती.

"त्या बायका दिसतात तितक्या भोळ्या नाहीत," भाऊजी म्हणाले. "मी सुताची एखादी लड उलगडणार. गठ्ठ्यात खाली काय कोंबलंय ते कुणाला कळतंय? वहिनींचा मायाळूपणा नडला!"

"रंगवून आलेल्या लडी इथेच राहतात?"

"इथेच. विणकरांना मीच काढून देतो. पण त्यात काय?"

सासूबाईंनी फडताळातल्या डाळिंबी लडी चाचपल्या, काहींचे धागे ओढून पाहिले आणि दोन काढून जावयाच्या हातात दिल्या. "एक सुटते, एक सुटत नाही. रंगात काही फरक?"

जावयानं खालीवर, उलटसुलट करून पाहिलं. "छे! जुळ्या बहिणी!"

'भाऊजी फार घाम पुसतायत,' त्यानं हेही टिपलं. आता त्याच्याकडे दोन गुन्हेगार झाले होते.

मागच्या अंगणात रंगारी कढई ढवळत होता. कोपरापर्यंत हात डाळिंबी. प्रश्न ऐकताच तो उसळला.

"माझ्यावर संशय? अहो, साली आणि मुळं उकळून रंग करतो मी. बाजारातली रंगाची पुडी या अंगणात सापडली तर उद्यापासून कढईला हात लावणार नाही!"

"आणि छटा कुठे जुळवता?"

"इथेच, उन्हात. जुळली नाही तर लड परत कढईत. माझं तोंड वाईट असेल, काम नाही."

'तिसरा!' जावई मनात म्हणाला. एवढा संताप उगीच येतो का?

सासूबाईंनी त्या दोन लडी वाळत घालायच्या दोरीवर शेजारी शेजारी टाकल्या. जावयानं चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. एक लड विटकरी दिसत होती, दुसरी जांभळट.

"आई, मला नंबर वाढवून घ्यायला हवा."

"नंबर ठीक आहे तुमचा, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि मागांकडे वळल्या.

माग काचेच्या कौलांखाली होते. विणकर म्हणाला, "कापडात पट्टे दिसले होते मला. भाऊजींना सांगितलंही. ते म्हणाले, झाडपाल्याचा रंग आहे, थोडं मागेपुढे व्हायचंच."

सासूबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. थोरलीलाही. भाऊजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वहिनींसमोर तिला अडवलं नाही.

"या दोन लडी कोठीत एकसारख्या होत्या," सासूबाईंनी सुरुवात केली. "इथे बघा."

रंगारी पुढे झाला आणि त्यानं जांभळट लड चिमटीत धरली. "ही माझी नाही! आईशप्पथ नाही!"

"नाहीच. सूत वेगळं म्हणून एकाच कढईत रंग कमीजास्त चढला असता, तर तो फरक ट्यूबखालीही दिसला असता. इथे रंगच निराळा आहे, बाजारातल्या पुडीचा. तो एका उजेडात जुळतो, दुसऱ्यात फुटतो. म्हणजे ही लड बाहेरून रंगून आली. थोरली आणते पांढरं सूत, तेव्हा ती संशयातून सुटली. रंगारी उन्हात जुळवतो, ही लड त्यानं दोरीवरूनच परत पाठवली असती. विणकर बसतो काचेच्या कौलांखाली. त्याला फरक दिसला, आणि तो बोललाही. अदलाबदल करणारा पट्टे कशाला दाखवून देईल?"

जावयाच्या यादीत आता एकच नाव उरलं.

"ज्यानं नमुना नेऊन हा रंग करून घेतला," सासूबाई म्हणाल्या, "त्यानं तो ट्यूबलाइटखाली जुळवला. उन्हात आणून पाहायचं त्याला सुचलंच नाही. खरं सूत दुर्मीळ, बाहेर हातोहात खपतं. ते मागच्या दारानं गेलं आणि त्याच्या जागी हे आलं."

"थापा!" भाऊजी ओरडले. "तसूभर फरक नव्हता! मी स्वतः दहादा शेजारी शेजारी धरून—"

त्यांनी जीभ चावली.

"वहिनी," भाऊजींचा आवाज पार खाली आला. "घरातली गोष्ट घरातच राहू द्या. उद्या त्यांना या बायकांचंच नाव सांगा. त्यांना कोण ओळखतंय?"

आतापर्यंत मालकीणबाई रडवेल्या होत्या. त्या एका वाक्यानं त्यांचे डोळे कोरडे झाले. त्यांनी हात पुढे केला. भाऊजींनी कमरेच्या किल्ल्या सोडून निमूटपणे त्या हातावर ठेवल्या. मग मालकीणबाईंनी फोन काढला आणि सगळ्यांदेखत लावला.

"संस्थेतून बोलताय ना? उद्याची वाट बघू नका. खोटं सूत माझ्याच कोठीतून गेलंय. माझ्या सख्ख्या दिरानं घातलं. कातणाऱ्यांचा काडीचाही दोष नाही. हो, शिक्का काढून घेणार असाल तर घ्या. पण माझं म्हणणं लिहून घ्या, आणि त्यांचं नाव स्वच्छ आहे हे आधी लिहा."

त्यांनी फोन ठेवला. त्या थोरलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

थोरलीनं पहिल्यांदाच मान वर केली. "शिक्का गेला तर कापड कोण घेईल तुमचं?"

"माहीत नाही ग. सूत मात्र मी तुमचंच घेणार."

थोरलीनं गाठोडं उचललं, कोठीकडे न नेता सरळ अंगणाच्या मधोमध उन्हात ठेवलं आणि गाठ सोडली.

"प्रत्येक लड उलगडून बघा," ती म्हणाली. "एकूणएक. मी इथेच बसते."

मालकीणबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पहिली लड हातात घेतली.