पुष्टीचं बटण

"या, बसा! आणि घाबरू नका हं, परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची आहे."

दारात घुटमळणाऱ्या त्या उंच माणसाला तिने बोलायची उसंतच दिली नाही, सरळ संगणकासमोर बसवलं. सरकारी वेबसाइटवर लोकांना आपला पत्ता बदलायला सांगायचं आणि ते कुठे अडतात ते शेजारी बसून बघायचं, हे तिचं काम. आज बोलावलेलं माणूस उशिरा उगवलं, एवढंच तिला वाटलं.

तो मुकाट्याने टाइप करत गेला. शेवटच्या पानावर मात्र थांबला... आणि पडद्याऐवजी तिच्याकडेच बघायला लागला.

"अडलात का कुठे?"

"हो, पण वेबसाइटवर नाही. मी वरच्या मजल्यावरचा आकडेवाला. तुमची ही खोली चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला मला पाठवलंय."

तिचे कान तापले. ही खोली तिने साहेबांशी भांडून मिळवली होती. "मग आल्या आल्या सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या मायेने बसवलंत... उठावंसंच वाटेना."

"बरं, काय म्हणतात तुमचे आकडे?" ती काही अशी हार जाणाऱ्यातली नव्हती.

"लोक याच पानावरून पळतात, असं म्हणतात. का पळतात, ते नाही सांगत. साहेब म्हणतात, लोक आळशी."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणतो, अजून थोडा वेळ बसावं."

तेवढ्यात खऱ्या बोलावलेल्या काकू आल्या. लेकीकडे कायमच्या राहायला आलेल्या, चुणचुणीत बाई. भराभर सगळं भरलं. शेवटी 'पुष्टी करा' असं बटण आलं आणि काकूंनी हात मागे घेतला.

"काय झालं, काकू?"

"अगं, पुष्टी करा म्हणतंय! आधीच गुडघे बोलतायत माझे, आणखी पुष्ट होऊन कुठे जाऊ? 'पत्ता बरोबर आहे' असं सरळ लिहायला काय होतं यांना?"

आकडेवाला पोट धरून हसला. मग एकदम ओशाळला, कारण ते बटण त्यानेही रोज पाहिलं होतं.

बटणावर काकूंचे शब्द आले. आलेखात पळणाऱ्यांची रेघ घसरत गेली आणि ती दाखवायला तो रोज जिना उतरू लागला. रेघ वरूनही दिसत होती म्हणा! तिला ते कळत होतं, आणि मनापासून आवडतही होतं.

"खोली राहणार," एका दुपारी तो म्हणाला. "शिवाय आणखी दोन वेबसाइट तुमच्या गळ्यात मारल्यात. मग आता मला रोज खाली यायला... म्हणजे, उद्यापासून तसं काही..."

समोरचा अडखळला की शब्द सुचवायचा नाही, गप्प राहून वाट बघायची, हा तिच्या कामाचा पहिला नियम. आज तिला दम धरवेना.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "मलाही— अगदी हेच म्हणायचं होतं."

"माहितीये. इतके दिवस बघतेच आहे ना तुला."

"आत्ता तू मला 'तुला' म्हणालीस?"

"म्हणाले. आणि आता तूही!"