वाळूचा तळ, काचेचा तळ

दोन टाक्या होत्या. दोन्हींत समुद्राचे सारखेच पाणी, सारखेच खडक, मासेही तितकेच आणि त्यांना खाणेही मोजून सारखेच. तरीही जी टाकी रोज घासूनपुसून लख्ख केली जात होती, तिचेच पाणी महिनाभर बिघडत चालले होते. आणि जिच्या तळाला कुणी हातही लावत नव्हते, तिचे पाणी ठणठणीत होते.

शर्वाणी तांडेलला हे कोडे माहीत होते, पण तिने त्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. पुढे जे झाले, ते त्यामुळेच झाले.

ही गोष्ट २०६१ सालची. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, समुद्राला अगदी लागून, एक प्रवाळ-रोपवाटिका होती. प्रवाळ दिसते दगडाच्या झाडासारखे, पण असते हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. समुद्र तापत गेल्यामुळे किनाऱ्याजवळची बरीच प्रवाळे मेली होती. म्हणून या रोपवाटिकेत त्यांचे तुकडे टाकीत वाढवत आणि बोटभर झाले की समुद्रात नेऊन लावत. शर्वाणीच्या सातवीच्या वर्गाकडे दोन टाक्या दिल्या होत्या. पहिलीच्या तळाशी अर्धी वीत जाडीची वाळू होती. दुसरीचा तळ नुसत्या काचेचा. वर्गाने आठ महिने जपलेले चाळीस तुकडे वाळूच्या टाकीत होते आणि महिन्याभराने ते समुद्रात जायचे होते.

शर्वाणीचे आजोबा, डॉक्टर रघुवीर तांडेल, या रोपवाटिकेचे जुने शास्त्रज्ञ. आणि टाक्या स्वच्छ करायला होता घासू. घासू म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा, सहा पायांचा यंत्रमानव. तो पाण्यात उतरून काच घासायचा, पाण्याची तपासणी करायचा आणि आकडे सांगायचा. त्यापलीकडे त्याला फारसे काही बोलता येत नसे.

त्या आठवड्यात शर्वाणीच्या लक्षात आले की तुकड्यांची वाढ मंदावली आहे. फांद्यांच्या प्रवाळाला जोराचा प्रवाह लागतो, हे तिला ठाऊक होते. तिने पाणी ढकलणारा पंखा वाढवला. झाले भलतेच. वाळू उडाली आणि तुकड्यांवर जाऊन बसली. पंखा कमी केला तर वाढ थांबणार, वाढवला तर तुकडे वाळूखाली गुदमरणार. शेजारच्या टाकीचा तळ मात्र आरशासारखा चमकत होता. शर्वाणीने ठरवून टाकले की वाळूच नको. आजोबांना विचारायचे तिच्या मनात आले होते, पण ते बैठकीत होते आणि तिला वाटले, साफसफाईला कसली आलीय परवानगी? तिने घासूला वाळू उपसायला सांगितली. सगळी, आणि लवकर.

वरची वाळू पांढरी होती. खालची राखाडी निघाली. अगदी तळाची निघाली ती काळी कुळकुळीत. पाणी गढूळ झाले आणि खोलीभर सडक्या अंड्यांसारखा वास पसरला. पाच मिनिटांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करू लागले.

शर्वाणी धावत आजोबांकडे गेली. आजोबांनी आल्या आल्या घासूला थांबवले, खिडक्या उघडायला लावल्या आणि मग दोघांनी मिळून आधी मासे, मग एकेक करून सगळे तुकडे काचेच्या टाकीत हलवले. आजोबा एकदाही रागावले नाहीत. त्यामुळे शर्वाणीला जास्तच वाईट वाटत होते. मासे सगळे वाचले. तुकड्यांपैकी सात मात्र दोन दिवसांत पांढरे पडून मेले. त्यातला एक, रोज पट्टीने मोजून वहीत लिहिलेला, तिच्या मैत्रिणीचा होता. शर्वाणीने स्वतः जाऊन तिला तसे सांगितले.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी तिला रिकाम्या केलेल्या टाकीपाशी बसवले. कोपऱ्यात अजून थोडी वाळू होती. काचेतून तिचे तिन्ही थर दिसत होते.

आजोबांनी सुरुवात माशांपासून केली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया (नाकाला झोंबणारा एक विषारी पदार्थ) सुटतो. खडकांवर आणि वाळूच्या वरच्या थरात राहणारे जिवाणू ऑक्सिजन वापरून त्याचे नायट्रेट (बरेच कमी घातक असे एक क्षाराचे रूप) करतात. इतके काम दोन्ही टाक्यांत होते. पण नायट्रेट साठत गेले की प्रवाळाला त्रास होतो. ते जाणार कुठे?

"मधल्या थरात बघ," आजोबा म्हणाले. "इथपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ पोचत नाही. मग इथले जिवाणू श्वास कसा घेत असतील?"

शर्वाणीने खूप वेळ बघितले. राखाडी थरात काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे होते. नायट्रेटमध्ये ऑक्सिजन असतो, हे ती शाळेत शिकली होती.

"नायट्रेटमधलाच काढून घेतात?" तिने विचारले.

आजोबांनी मान हलवली. ऑक्सिजन काढून घेतला की उरतो नायट्रोजन, आपल्या हवेत सर्वांत जास्त असलेला वायू. तो बुडबुड्यांतून निघून जातो. म्हणून वाळूच्या टाकीत नायट्रेट लिटरमागे पाच मिलिग्रॅम असायचे आणि काचेच्या टाकीत चाळीस. घासू दिसणारी घाण काढत होता, पाण्यात विरघळलेले नायट्रेट त्याच्या पायांना कसे सापडणार?

आणि काळा थर? तिथे ऑक्सिजनही संपतो आणि नायट्रेटही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट (गंधक असलेला क्षार) वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू बनतो. वाळू ढवळली नाही तर तो तळाशीच अडकून राहतो. शर्वाणीने एका दमात सगळी उपसली, तेव्हा तो पाण्यात मिसळला.

"म्हणजे वाळूच चांगली होती," शर्वाणी हळूच म्हणाली.

आजोबा तसे म्हणाले नाहीत. वाळूत कचराही अडकतो, वर्षानुवर्षे साचतो आणि जोराचा प्रवाह वाळूला चालत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. उघड्या तळावरचा कचरा सडायच्या आत उचलता येतो आणि पंखा हवा तेवढा वाढवता येतो. दोघांचे गुण खरे आणि दोघांच्या अडचणीही खऱ्या.

संध्याकाळी आणखी एक पंचाईत लक्षात आली. माशांपैकी एक पिवळा मासा अंधार पडू लागला की वाळूत शिरून झोपणारा होता. तो काचेच्या तळावर तोंड आपटत होता. हनुवटी खरचटून लाल झाली होती. शर्वाणीने एक पसरट भांडे आणले, धुतलेल्या नव्या वाळूने भरले आणि कोपऱ्यात ठेवले. माशाने दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ वाळूत घुसला. शेपटीचे टोक तेवढे दिसत राहिले.

शर्वाणी त्या भांड्याकडे बघत उभी राहिली. माशाची वाळू भांड्यात राहू शकते, तर जिवाणूंची वाळू तरी तुकड्यांच्याच टाकीत कशाला हवी?

तिने कागदावर चित्र काढले. वर काचेच्या तळाची टाकी, तिच्यात प्रवाळ आणि जोराचा प्रवाह. खाली दुसरी टाकी, तिच्यात फक्त वाळूचा जाड थर आणि संथ पाणी. दोन्हींना जोडणाऱ्या नळ्या. पाणी वरून खाली जाईल, नायट्रेट सोडून पुन्हा वर येईल.

आजोबांनी चित्र नीट पाहिले आणि असे जगात काही जण करतात, असे प्रामाणिकपणे सांगितले. पण शर्वाणीला ते कुणी शिकवले नव्हते, हेही त्यांनी सांगितले. फक्त एक बदल सुचवला, की वाळूत जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलावे लागेल. ते काम वर्गाने वाटून घेतले. घासूने रोज आकडा सांगितला. चाळीस, अडतीस, मग बरेच दिवस पस्तीस, मग एकतीस. पाचव्या आठवड्यात बारा.

तेहतीस तुकडे ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा समुद्रात लावले गेले. तीन महिन्यांनी पाणबुड्यांनी बुडी मारून पाहिले तेव्हा एकोणतीस खडकाला घट्ट धरून होते आणि त्यांच्या फांद्यांमध्ये छोटे निळे मासे राहायला आले होते.

त्याच सुमारास लक्षद्वीपच्या एका शाळेतून पडद्यावर बोलावणे आले. तिथे नवी रोपवाटिका सुरू होणार होती. शर्वाणीच्याच वयाच्या मुलीने विचारले, की टाकीच्या तळाशी वाळू घालू की उघडाच ठेवू?

आजोबा शेजारीच होते. त्यांनी खूण करून शर्वाणीला पुढे केले.

"आधी मला सांग," शर्वाणी म्हणाली, "तुमच्या टाकीत राहणार कोण कोण आहे?"

पलीकडच्या मुलीने वही उघडली आणि एकेकाचे नाव लिहायला सुरुवात केली.