नव्या पावलानं चौसाळ्याला

काळा दोरा काही केल्या सुटेना.

बीडच्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर योगिता पायाशी वाकून बसली होती. पायातला दोरा काढून या, असं आतून सांगितलं होतं. पण घोटा असा सुजलेला, की दोरा पार रुतून बसलेला... नख लावलं तरी कळ मस्तकात जायची.

"ओढू नका—तुटायचा न्हाई, दुखंल मात्र. मी लावू का हात?"

समोर उन्हानं रापलेला एक उंच तरुण उभा होता. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं, ताराबाईंनी, त्याच्या हातातला चहा काढून घेतला. "सोडू दे गं, पोरी. आमचा लखन कोकरांच्या गळ्यातल्या गाठी सोडतच मोठा झालाय."

"म्हणजे मी कोकरू?"

"कोकरू इतक्या रागानं बघत न्हाई," लखन म्हणाला आणि खाली बसला.

ऐन शाळेच्या वयात संधिवातानं योगिताचा घोटा धरला होता. तेव्हापासून जो तो त्या पायाला दाबूनच बघायचा. आधी विचारून हात लावणारा हा पहिलाच. त्याची राठ बोटं... इतकी हलकी कशी? गाठ कधी सुटली, तिला कळलंसुद्धा नाही.

वॉर्डात ताराबाईंची खाट नेमकी तिच्या शेजारी आली. त्यांच्या गुडघ्याची वाटी बदलायची होती, हिचा घोटा.

"घोटाबी बदलतेत?" लखननं डोळे मोठे केले.

"बदलतेत. झिजलेला सांधा काढून नवा बसवतेत. न्हाईतर हाडं जखडून टाकायची—मग दुखत न्हाई, पण पाय वाकतबी न्हाई."

"मग तुमी वाकणारा घेतला."

"माझी बाकीची हाडंबी संधिवाताची. एक सांधा जखडला तर सगळा भार त्यांच्यावर जाईल, असं डॉक्टर म्हणले." ती हसली. "आन् कुणापुढं तरी वाकावं लागंल की."

"माझ्यापुढं नका वाकू. लई घोटाळा होईल..."

तो रोज बालाघाटावरची सीताफळं आणायचा. खाटेच्या कडेला बसून एकेक फोडायचा, मोठी फोड नकळत तिच्याकडं सरकवायचा. ताराबाई भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायच्या.

ऑपरेशनच्या सकाळी योगिताचे हात गार पडले होते.

"भूल चढताना काहीतरी चांगलं आठवा," लखन हळूच म्हणाला.

"काय आठवू?"

"मी सांगितलं तर... मग ते माझं होईल."

मग पांढरे दिवे विरत गेले. तिला वाटलं, आपण पिवळ्या गवतात उभे आहोत, पायाखाली जमीन नाहीच, नुसतं ऊन आहे. आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या दूर, दूर जात आहेत...

शुद्धीवर आली तेव्हा नर्स तोंडाला हात लावून हसत होती. "ताई, त्या मेंढरंवाल्याला हाका मारून मारून वॉर्ड डोक्यावर घेतलात तुम्ही!"

दाराशी उभा लखन कानापर्यंत लाल झाला होता.

आईला चौसाळ्याला घरी न्यायच्या दिवशी त्यानं विचारलंच. शब्द जुळवत, मान खाली घालून. "माझ्यासंगं... जमंल का तुमाला?"

योगिताला हो म्हणायचं होतं. पण डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, खडकाळ चढ टाळायचा. सांधा जपला तर टिकेल. आणि याचं सगळं आयुष्य डोंगरउतारावर.

"तुमच्या पायाला माझं लोढणं कावून?" ती म्हणाली. "न्हाई जमणार."

"बरं," तो एवढंच म्हणाला. आणि गेला.

नांदूरघाटला घरी तिचे दिवस खाटेवर गेले, मग काठीवर, मग काठीशिवाय अंगणात. मोबाइलवर अधूनमधून एखादा फोटो यायचा—नवं जन्मलेलं कोकरू, धुक्यातला माळ. सोबत अक्षर नाही. ती फोटो मोठा करून बघायची. कडेला कुठं त्याची सावली दिसते का म्हणून...

ज्वारी निघाली तेव्हा ती वडिलांना, बंकटरावांना म्हणाली, "दादा, मला चौसाळ्याला सोडा."

 त्यांनी लगेच गाडीला किक मारली.

चौसाळ्याच्या पुढं एका मोकळ्या रानात खतासाठी लखनची मेंढरं बसवलेली होती. रस्त्यापासून रानापर्यंत मातीची पायवाट. योगिता गाडीवरून उतरली आणि चालायला लागली. नवा घोटा प्रत्येक पावलाला वाकत होता, आपला असल्यासारखा. लखननं तिला लांबूनच ओळखलं आणि तो पळत निघाला.

"तिथंच थांबा!" ती ओरडली. "मला येऊ द्या."

तो थांबला. ती आली—सावकाश, धापा टाकत, कपाळावर घाम, डोळ्यांत हसू.

"डोंगर मला चढता येणार न्हाई," ती म्हणाली. "तुमी मेंढरं घेऊन जावा. मी चौसाळ्यात शिलाईचं दुकान टाकीन. आन् सपाट रानात असलात की... येत जाईन तुमच्या मागं मागं."

 लखन म्हणाला, "मागं कावून? शेजारी चाला की."

"मी लई हळू चालते."

"चाला हो. लेकुरवाळ्या मेंढ्याबी हळूच चालतेत." आणि चटकन जीभ चावून म्हणाला, "म्हणजे... तसं न्हाई म्हणायचं मला..."

योगिता इतकी हसली, की रस्त्यावर गाडी चालू ठेवून थांबलेल्या बंकटरावांनी ती बंद केली.